साडेसहाशे चौरस फुटांचं घर

मुंबईत घर शोधलेल्या माणसाला साडेसहाशे चौरस फूट म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि बाल्कनी आत घेतली तर पाय पसरण्यापुरती जास्तीची जागा. जपानच्या मिए प्रांतात, इसे शहराच्या कडेच्या जंगलात, एवढंच एक लाकडी घर आहे. रुंदी ११ मीटरच्या किंचित वर, पुढून मागे साडेपाच मीटर. गुणाकार केला की साधारण साडेसहाशे चौरस फूट भरतात. वर गवताचं छप्पर. भिंतींना रंग नाही, कोरीवकाम जवळजवळ नाही. खांबांखाली दगडाची जोतीसुद्धा नाहीत, ते सरळ जमिनीत पुरलेले आहेत.

या घराभोवतीचं जंगल आहे ५,५०० हेक्टर, म्हणजे ५५ चौरस किलोमीटर. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या निम्म्याहून थोडं जास्त, आणि इसे शहराच्या हद्दीचा जवळजवळ चौथा हिस्सा. भागाकार करून पाहिला तर जंगल घराच्या नऊ लाख पट भरतं. हे घर, त्याचं जोडघर आणि त्यांचा परिवार दर वीस वर्षांनी पुन्हा बांधतात. त्यासाठी दहा हजारांच्या घरात झाडं लागतात, आठ वर्षं लागतात, आणि गेल्या खेपेला, म्हणजे २०१३ साली संपलेल्या बांधकामाला, सुमारे ५,५०० कोटी येन लागले. तेव्हाच्या दरानं ते साडेतीन हजार कोटी रुपयांच्या आसपास जातात. एवढं करून त्या घरात माणूस राहायला जात नाही. सामान्य भाविकाला ते धड दिसतही नाही.

घर सूर्यदेवतेचं आहे. तिचं नाव आमातेरासु, जपानच्या सम्राटांची मूळ आजी. तिच्या देवळाला नाइकू म्हणजे आतलं देऊळ म्हणतात. तिथून पाचेक किलोमीटरवर गेकू, बाहेरचं देऊळ. तिथे राहते तोयोउके, जी आमातेरासूच्या जेवणाखाण्याचं बघते. हे दोन धरून, १४ उपदेवळं, मग ४३, मग २४, मग ४२ अशा उतरत्या मानाच्या पायऱ्यांनी एकूण १२५ देवळं होतात आणि त्या सगळ्यांना मिळून जपानी लोक नुसतं ‘जिंगू’ म्हणतात. जिंगू म्हणजे थोरलं देवस्थान. इतर देवस्थानांना गावाचं किंवा देवाचं नाव जोडावं लागतं, याला लागत नाही. आपण सोयीसाठी इसे जिंगू म्हणू.

नाइकूला जाताना आधी पूल लागतो. इसुझु नदीवरचा हा उजी पूल १०१.८ मीटर लांब आणि ८.४ मीटर रुंद आहे, आणि तोही लाकडाचा. त्याच्या फळ्या जहाजं बांधणाऱ्या सुतारांच्या कसबानं सांधायची रीत आहे, म्हणजे पाणी आत मुरत नाही. वीस वर्षांत कोट्यवधी पावलांखाली फळ्या काही सेंटिमीटर झिजतात, मग पूलही नवा होतो. २००९ साली तो नवा झाला तेव्हा त्यावरून सर्वांत आधी चालण्याचा मान, रिवाजाप्रमाणे, तीन पिढ्यांची जोडपी हयात असलेल्या घरांना मिळाला. आजी-आजोबा, मुलगा-सून, नातू-नातसून. पुलाचं उद्घाटन मंत्र्याच्या हातून होत नाही, हे वाचून मला आधी बरं वाटलं आणि मग त्यातलं गणित दिसलं. तीन पिढ्या म्हणजे साधारण साठ वर्षं, म्हणजे तीन पूल.

साठचा हिशेब पुलाच्या दोन टोकांच्या कमानींतही आहे. दोन उभे खांब आणि वर आडवे दांडे, अशा या कमानीला तोरी म्हणतात. मुख्य देवळाच्या दोन्ही बाजूंना, आढ्याला टेकू देणारे दोन जाडजूड खांब असतात. वीस वर्षांनी देऊळ उतरवलं की त्या खांबांना नव्यानं तासून पुलाच्या तोरी करतात. आतल्या टोकाला नाइकूचे खांब, बाहेरच्या टोकाला गेकूचे. तिथे त्यांची वीस वर्षं होतात. मग त्यांची तिसरी नेमणूक होते ती जुन्या तोकाइदो रस्त्यावर. एक जोडी कुवाना इथे, जिथे होडीतून येणारे यात्रेकरू इसेच्या वाटेला लागत, आणि दुसरी सेकी इथे, जिथे इसेचा रस्ता फुटतो. तिथे आणखी वीस. सरकारी नोकरीतही माणूस साठीला सुटतो, इथे लाकूडही साठीपर्यंत राबतं.

पूल ओलांडला की खडीचा रुंद रस्ता. पायांखाली खडीचा करकर आवाज, आणि दोन्ही बाजूंना सुगी, म्हणजे जपानी देवदार, शेकडो वर्षं वयाचे. त्यातल्या काहींना माणसाच्या खांद्यापर्यंत बांबूच्या कामट्यांचं चिलखत घातलेलं असतं. लोक येता-जाता झाडाला हात लावून नमस्कार करतात. एका हातानं काही होत नाही, पण २०१३ या एका वर्षात दोन्ही देवळांना मिळून १ कोटी ४२ लाख लोक येऊन गेले. इतके हात सालीवरून फिरले तर सालही हार मानेल, म्हणून हे चिलखत. उजव्या हाताला नदीकाठी दगडी पायऱ्या आहेत. तिथे उतरून लोक हात धुतात, चूळ भरतात. या पायऱ्या पाचवा शोगुन त्सुनायोशी याच्या आईनं १६९२ साली बांधवून दिल्या. तीनशे तीस वर्षांच्या पायऱ्या, पण या आवारात कशाचंही वय सांगताना जरा चाचरायला होतं, कारण पुढे जे दिसतं त्यानं वय या शब्दाचाच अर्थ डळमळतो.

रस्ता संपतो, दगडी पायऱ्या चढायच्या, वर एक लाकडी कुंपण आणि त्यात दार. दारावर पांढरा पडदा. इथपर्यंतच. आत आणखी कुंपणं आहेत, चार पदरी. वारा आला की पडदा हलतो, पलीकडची पांढरी खडी क्षणभर दिसते, छपराच्या आढ्यावर आडवे मांडलेले गोल ओंडके दिसतात (नाइकूवर १०, गेकूवर ९), आणि संपलं. भाविक दोनदा वाकतात, दोनदा टाळी वाजवतात, पुन्हा एकदा वाकतात आणि वळतात. गर्भागारात आरसा आहे असं परंपरा सांगते. तो पाहिलेला माणूस भेटणार नाही.

माझ्या मते इथलं खरं दर्शन बाजूला आहे. देवळाला लागूनच, तेवढ्याच आकाराची, तशीच आखलेली एक मोकळी जागा. गोटे पसरलेले, आणि मधोमध एक छोटी लाकडी टपरी, टपालपेटीला छप्पर घातल्यासारखी. बाकी काही नाही. १९९३ पासून २०१३ पर्यंत देऊळ इथे उभं होतं, आणि २०३३ साली पुन्हा इथेच उभं राहील. मग आत्ताची जागा रिकामी होईल. लंबकाचा हेलकावा वीस वर्षांचा, आणि तो सुरू झाला ६९० साली.

सम्राट तेम्मू यानं हे ठरवलं असं मानतात आणि त्याची राणी, पुढे स्वतः सम्राज्ञी झालेली जितो, हिच्या काळात नाइकूचं पहिलं नूतनीकरण ६९० साली झालं, गेकूचं ६९२ साली. या सोहळ्याचं नाव शिकिनेन सेंगू, म्हणजे ठरल्या वर्षी देवाचं घर बदलणं. २०१३ चं सेंगू ६२ वं होतं. आता कुणी चोखंदळ वाचक पेन्सिल घेऊन बसेल: ६९० ते २०१३ म्हणजे १,३२३ वर्षं, भागिले वीस, म्हणजे पहिलं धरून ६७ व्हायला हवीत. पाच गेली कुठे? गंमत म्हणजे प्रत्यक्षात तूट पाचापेक्षा जास्त आहे. जुन्या काळी ‘विसाव्या वर्षी’ याचा अर्थ आपल्या ‘आठवड्यानं’ला आठ दिवस मोजतात तसा लावत, म्हणजे पहिलं वर्षही धरून. म्हणून दुसरं सेंगू ७०९ साली झालं, १९ वर्षांनी. एकोणिसाच्या हिशेबानं आकडा आणखी फुगायला हवा होता. तो फुगला नाही, कारण मध्ये दोरा तुटला.

नाइकूचं ४० वं सेंगू १४६२ साली झालं आणि ४१ वं १५८५ साली. मध्ये १२३ वर्षं. तेव्हा देशभर सरदार एकमेकांशी लढत होते आणि देवाच्या घरासाठी तिजोरीत काही नव्हतं. गेकूची खंडित वर्षं १२९. जमिनीत पुरलेल्या खांबांच्या, गवतानं शाकारलेल्या घराचं सव्वाशे वर्षांत काय झालं असेल, याची कल्पना कोकणातलं मातीचं घर सांभाळलेला कुणीही करू शकेल. दोरा पुन्हा जोडला तो एका भिक्षुणीनं. सेइजुन तिचं नाव, बौद्ध मठातली. तिनं गावोगाव फिरून वर्गणी गोळा केली आणि १५६३ साली गेकू उभं केलं. तिच्या नंतरच्या शुयो या भिक्षुणीनं काम पुढे नेलं, नोबुनागा आणि हिदेयोशी या बड्या सरदारांनी पैसा दिला, आणि १५८५ साली दोन्ही देवळं नवी झाली. शिंतो देवतेचं घर बौद्ध भिक्षुणींनी दारोदार फिरून बांधलं, हे मला बासष्टाच्या आकड्याइतकंच मोठं वाटतं.

त्यानंतर खंड पडला नाही. १६८९ साली कवी बाशो आपली उत्तरेची प्रसिद्ध पायपीट संपवून लगोलग निघाला तो इसेचं ४६ वं सेंगू बघायला. दुसऱ्या महायुद्धातल्या पराभवानंतर १९४९ सालचं पुढे ढकललं गेलं आणि १९५३ साली झालं. त्या पडत्या काळात इसेकरांनी निदान पूल तरी बांधा म्हणून १९४९ सालीच पूल नवा करवून घेतला. म्हणून आजही पूल देवळाच्या चार वर्षं आधी नवा होतो. चार वर्षांचा तो उशीर जपून ठेवलाय.

वीसच वर्षं का? ९२७ सालच्या एंगिशिकी या राजनियमांच्या ग्रंथात वीस वर्षांतून एकदा असं नोंदलंय, पण कारण दिलेलं नाही, त्यामुळे कारणांना तोटा नाही. गवताचं छप्पर आणि जमिनीत पुरलेला खांब साधारण तेवढेच टिकतात. वाळवलेल्या भाताचा साठा त्या काळच्या कायद्यानं वीस वर्षं चालायचा. आणि सुतारकी हातातून हातात द्यायची तर विशीतला उमेदवार, चाळिशीतला मिस्त्री आणि साठीतला म्हातारा एकाच वेळी कामावर हवेत, ते वीस वर्षांनीच जमतं. हे तिसरं कारण सगळ्यांना फार आवडतं, मलाही. पण ते बहुधा नंतर सुचलेलं असावं. रिवाज आधी असतो, त्याचं शहाणपण मागून येतं.

एक गोष्ट मात्र नक्की, की जपानी सुतारांना टिकाऊ बांधता येत नव्हतं असं नाही. इसेहून फार लांब नाही, नारा प्रांतात, होर्यूजी हे बौद्ध मंदिर आहे. जगातल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारती तिथे उभ्या आहेत. लाकूड तेच, हिनोकी. काळही तोच, सातव्या शतकाच्या अखेरचा. खांबांखाली दगड दिले, छपरावर कौलं चढवली, आणि त्या इमारती तेराशे वर्षं जागच्या हलल्या नाहीत. म्हणजे दोन्ही वाटा समोर होत्या. होर्यूजीत तेराशे वर्षांचं लाकूड आहे, इसेत वीस वर्षांच्या आतलं. आराखडा दोन्हीकडे तितकाच जुना.

आता लाकडाकडे येऊ, कारण आकडे खरे गरगरायला लागतात ते इथे. हिनोकी हा सायप्रसच्या कुळातला, लिंबाच्या सालीसारखा थोडा वास असणारा, सरळसोट वाढणारा वृक्ष. तो सावकाश वाढतो. देवळाच्या नेहमीच्या तुळया-खांबांना साठ सेंटिमीटर व्यासाचं झाड चालतं, त्यालाच दोनशे वर्षं लागतात. आढ्याचे खांब आणि दारांच्या रुंद फळ्या यांना मीटरभर व्यासाची झाडं हवीत, आणि ती जंगलात अशीतशी सापडत नाहीत. वीस वर्षं टिकणाऱ्या घरासाठी दोनशे, तीनशे वर्षांची झाडं. हा हिशेब कुठल्याही सनदी लेखापालापुढे ठेवा, तो चष्मा काढून पुसेल.

पुढच्या, म्हणजे २०३३ च्या, ६३ व्या सेंगूची सुरुवात झालेली आहे. २ मे २०२५ रोजी डोंगराच्या तोंडाशी राहणाऱ्या देवाची पूजा झाली, कारण जंगलात शिरायचं तर आधी त्याची परवानगी. जूनमध्ये नागानो प्रांतात, किसोच्या खोऱ्यातल्या आगेमात्सूच्या जंगलात पहिली झाडं पाडली. करवत नाही, कुऱ्हाड. लाकूडतोडे झाडाला तीन बाजूंनी खोबणी घेत जातात, बुंधा आतून पोकळ होतो आणि झाड तिकाटण्यासारखं तीन पायांवर उभं राहतं. मग एक पाय तोडतात आणि झाड जिथे पडायला हवं तिथेच पडतं. ते सुमारे तीनशे वर्षांचं होतं. म्हणजे रोप उगवलं तेव्हा थोरल्या बाजीरावांना पेशवाईची वस्त्रं मिळून जेमतेम पाच वर्षं झाली होती आणि शनिवारवाड्याचा पाया खणायचा होता. झाड पडल्यावर त्याच्या शेंड्याची एक डहाळी तोडून त्याच्याच उरलेल्या खोडाच्या खाचेत खोचतात. जंगलातून घेतलं, तर जंगलाला परत द्यायचं.

पाडलेले ओंडके इसेला येतात आणि थेट सुताराकडे जात नाहीत. आधी तळ्यात काही वर्षं बुडवून ठेवतात, चीक निघून जावा, लाकूड पुढे तडकू नये म्हणून. मग चिरतात, वाळवतात, आणि त्यानंतर रंधा. आठ वर्षं लागतात ती उगाच नाहीत. देवळापर्यंत ओंडके ओढून आणण्याचं काम इसेच्या गल्लीगल्लीतल्या लोकांचं. दोन हंगाम हे चालतं. जाड दोरखंड, गाड्यांवरचे ओंडके, नाइकूकडे जाणारे काही तर नदीच्या पात्रातून, कमरेइतक्या पाण्यात, गाणी म्हणत. आणि देऊळ उभं राहिलं की आवारात घालायचे पांढरे गोटेही लोकच नेतात, प्रत्येकी एखाद-दोन, पांढऱ्या फडक्यात धरून. त्या दिवसांत सामान्य माणसाला नव्या देवळाच्या अगदी जवळ जाता येतं. वीस वर्षांतून एवढीच संधी. माणसाला उभ्या जन्मात तीन, नशीब असेल तर चार.

पण थांबा. ५,५०० हेक्टर जंगल दाराशी असताना लाकूड दूर किसोहून का आणायचं?

कारण दाराशी असलेलं जंगल संपलं होतं. सुरुवातीला लाकूड नाइकूमागच्या कामिजी डोंगरातलंच होतं. काही शतकांत जाडजूड झाडं संपली, मग शोध दूरदूर सरकत गेला आणि अठराव्या शतकापासून मुख्यतः किसोवर स्थिरावला. किसोचं जंगल ओवारीच्या सरदारांच्या कडक पहाऱ्यात होतं. चोरून झाड तोडलं तर शिक्षा म्हणून ‘एक झाड, एक मुंडकं’ अशी तिथे म्हण होती. इसेच्या डोंगरांना असा पहारा नव्हता. आणि त्यांच्या पायथ्याशी माणसं येत होती, किती, ते बघा.

१८३० साली, काही महिन्यांत, सुमारे ४३ लाख यात्रेकरू इसेला आले. तेव्हाच्या जपानची लोकसंख्या तीन कोटींच्या आसपास होती. म्हणजे सातांपैकी एक माणूस. आगगाडी नाही, बहुतेक सगळे पायी. एदोहून, म्हणजे आजच्या तोक्योहून, एका बाजूला पंधरा दिवस. त्या आधी १७०५ सालीही अशीच लाट आली होती, पन्नासेक दिवसांत ३६ लाखांची. साधारण साठ वर्षांनी येणाऱ्या या लाटांना ओकागे-माइरी म्हणत, कृपेची वारी. शेतकरी, दुकानातले पोरगे, मोलकरणी मालकाला न सांगता निघत. परवाना नसला तरी इसेला निघालोय म्हटलं की कुणी फारसं अडवत नसे. हातात लांब दांड्याची पळी असे, ती दिसली की वाटेवरचे लोक तिच्यात भात नाहीतर नाणं टाकत. ज्यांना स्वतः जमत नसे ते कुत्र्याला पाठवत. हे खोटं वाटेल, पण गळ्यात पैशांची पिशवी आणि पट्टी बांधलेली कुत्री इसेला जात, वाटेत लोक त्यांना खाऊ घालत, त्यांच्या खाण्यापुरते पैसे काढून घेत, पुढे सोडत. चित्रकार हिरोशिगेच्या एका चित्रात असं एक कुत्रं यात्रेकरूंच्या घोळक्यात निवांत चाललेलं आहे.

४३ लाख माणसं आली म्हणजे ४३ लाख पोटं आली. भात शिजवायला, आंघोळीचं पाणी तापवायला लाकूड हवं, आणि धर्मशाळांच्या मागेच डोंगर होते. पुजाऱ्यांनी आरशाच्या दाराशी जेवढी सावधगिरी बाळगली तेवढी डोंगराच्या दाराशी कुणी बाळगली नाही. डोंगर उघडे पडत गेले. उघड्या डोंगरावर पाऊस थांबत नाही, खाली धावतो. इसुझु वारंवार भरू लागली, आणि १९१८ साली मोठा पूर आला. तेव्हा कुठे लोकांच्या डोळ्यांपुढे आलं, की बाराशे वर्षं घर नवं ठेवण्याच्या नादात जंगल जुनं होऊ दिलं नाही.

१९२३ साली जिंगूनं एक आराखडा केला. त्याची मुदत दोनशे वर्षं. पुन्हा वाचा हवं तर. पंचवार्षिक योजनांच्या देशात वाढलेल्या आपल्याला हा आकडा छापखान्याची चूक वाटू शकतो. निम्म्याच्या आसपास जंगल हिनोकीसाठी राखायचं, पण निव्वळ हिनोकीची लागवड करायची नाही. मध्येमध्ये रुंद पानांची झाडं वाढू द्यायची, म्हणजे माती धरली जाते आणि पाणी मुरतं. नदी आधी, लाकूड नंतर. दर काही वर्षांनी विरळणी करायची आणि चांगल्या झाडांना हातपाय पसरायला जागा करून द्यायची. निवडलेल्या झाडांच्या खोडावर पांढऱ्या रंगाचा पट्टा मारायचा. एक पट्टा म्हणजे हे झाड दोनशे वर्षांत साठ सेंटिमीटरचं होईल. दोन पट्टे म्हणजे हे मीटरभर होईल, याच्या वाटेला जाऊ नका. नाइकूमागच्या डोंगरात आजही हे पट्टेवाले हिनोकी उभे आहेत, शंभरी गाठत आलेले, म्हणजे अजून निम्म्या वाटेवर.

गणित करू. १९२३ च्या सुमारास लावलेलं रोप दोनशे वर्षांचं होईल २१२३ साली. तोवर ६३, ६४, ६५, ६६ आणि ६७ वं सेंगू उरकलेलं असेल. त्या झाडाची पाळी येईल ती ६८ व्याला, २१३३ साली. यंदा लावलेलं रोप ७३ व्याच्या कामी येईल, २२३३ साली. जंगलात काम करणारा माणूस आजोबांच्या हातची झाडं विरळतो आणि नातवाच्या नातवाच्या नातवासाठी खड्डे खणतो. आराखड्याचं फळ मात्र अंदाजापेक्षा लवकर हाती येऊ लागलं. २०१३ च्या सेंगूत लागलेल्या लाकडापैकी जवळपास चौथा हिस्सा याच जंगलातल्या विरळणीचा होता. इसेच्या डोंगरातलं लाकूड इसेच्या देवळाला लागलं, सुमारे सातशे वर्षांनी.

आपल्याकडे देवराई म्हणजे काडीही न मोडायची जागा. वाळलेली फांदी पडली तरी ती तिथेच कुजू द्यायची, नेली तर देव कोपतो. इसेत देवाच्या आवारालगतचं रान असंच अस्पर्श ठेवतात, पण त्यामागचं मोठं जंगल देवासाठी तोडायचंच आहे. एका ठिकाणी भीतीनं जंगल राखलं, दुसऱ्या ठिकाणी गरजेनं. कुठलं धोरण जास्त काळ चालतं ते सांगायला तेराशे वर्षं पुरत नाहीत असं दिसतं, कारण इसेकडेही मध्ये सातशे वर्षं स्वतःचं लाकूड नव्हतं.

घराचं झालं. आता घरखर्चाचं. गेकूतल्या तोयोउकेचं काम म्हणजे आमातेरासूच्या जेवणाची व्यवस्था, आणि ती रोज दोनदा होते. परंपरा गेकूची स्थापना ४७८ सालची मानते, म्हणजे दीड हजार वर्षं. दिवसाला दोन, वर्षाला ७३०, दीड हजार वर्षांत जवळजवळ ११ लाख नैवेद्य. पाऊस असो, वादळ असो, युद्ध असो. पुजारी आदल्या रात्री सोवळ्यात मुक्कामाला येतो. विस्तव काडेपेटीनं नाही, लाकडावर लाकूड घुसळून काढतात. आपल्या यज्ञातलं अग्निमंथन डोळ्यापुढे आणा, फक्त ते रोज सकाळी, स्वयंपाकासाठी. पाणी आवारातल्या विहिरीचं. ताटात भाताच्या तीन मुदी, सुकवलेला बोनितो मासा, दुसरा एक मासा, समुद्रशेवाळ, भाजी, फळं, मीठ, पाणी आणि तीन पेले साके. भात जिंगूच्या स्वतःच्या शेतातला, इसुझूच्या पाण्यावरचा. मीठ फुतामीच्या मिठागरातलं, जिंगूचंच. वाडगे मातीचे, बिनचकाकीचे, एकदा वापरले की फोडून मातीत पुरायचे. वर्षाला असे साठ हजार वाडगे लागतात. वीस वर्षांचं देऊळ या वाडग्यांच्या मानानं फारच चिरंजीव म्हणायचं.

आणि सेंगूत फक्त घर बदलत नाही, घरातलं सगळं सामान बदलतं. वस्त्रं, गाद्या आणि पडदे ५२५ प्रकारचे, एकूण १,०८५ नग. आरसे, तलवारी, धनुष्यं, माग, घोडे वगैरे १८९ प्रकारचे, ४९१ नग. बेरीज ७१४ प्रकार, १,५७६ नग, सगळे त्या त्या कलेतल्या नाणावलेल्या हातांनी, जुन्या मापांबरहुकूम. यातल्या एका तलवारीच्या मुठीवर तोकी पक्ष्याची पिसं लाल धाग्यानं बांधतात. गुलाबी छटेची, नग दोन. शेवटचा जपानी वंशाचा तोकी २००३ साली पिंजऱ्यात वारला. चीनमधून आणलेल्या जोड्यांपासून आता नवी पिढी वाढवून रानात सोडलीय, पण १,५७६ नगांच्या यादीतल्या या दोन पिसांइतका अवघड आकडा दुसरा नसेल.

२ ऑक्टोबर २०१३, रात्री आठ. सगळे दिवे विझवलेले. अंधारात एका पुजाऱ्यानं कोंबड्याच्या आरवण्याचा आवाज तीनदा काढला. मग पांढऱ्या रेशमी पडद्याच्या आडोशानं, खडीवर पावलांच्या आवाजाखेरीज काही न ऐकू येता, आमातेरासू जुन्या घरातून शेजारच्या नव्या घरात गेली. अंतर चालायला फार तर दहा मिनिटांचं. तीन दिवसांनी गेकूतही तसंच झालं.

मग जुनं घर उतरवलं. लाकूड फेकलं जात नाही. देशभरातली लहानमोठी देवळं त्यासाठी अर्ज करून बसलेली असतात. २०१३ नंतर त्यातलं काही तोहोकूच्या किनाऱ्यावर गेलं, २०११ च्या त्सुनामीनं देवळं वाहून नेलेल्या गावांत. किसोत तीनशे वर्षं उभी राहिलेली, इसेत वीस वर्षं देवाचं घर झालेली झाडं तिथे पुन्हा खांब म्हणून उभी आहेत. किसोत, आगेमात्सूच्या उतारावर, २०२५ च्या जूनमधल्या त्या खोडात खोचलेली डहाळी एव्हाना वाळली असेल.